नंबर पंधराचा एकुलता एक फाउल

माझी उंची पाच फूट तीन इंच. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मी बास्केटबॉल संघाचा माणूस होतो असं म्हटलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या मागे दुसरा कोणी उभा आहे का ते बघतात. एकोणीस वर्षं मी आमच्या खात्याच्या नागपूर विभागाच्या बास्केटबॉल संघाचा व्यवस्थापक होतो. खात्याचं नाव सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. या एकोणीस वर्षांत मी स्वतः एकही बास्केट केलं नाही. एकदा मैदान रिकामं बघून प्रयत्न केला होता, तर चेंडू रिंगपर्यंत पोचलाच नाही, आणि नेमका चौकीदार बघत होता.

व्यवस्थापक म्हणजे काय, असं मला आमच्या नातेवाइकांनी लग्नाकार्यात शंभरदा विचारलं असेल. सोप्या भाषेत सांगायचं तर खेळ सोडून बाकी सगळं. खेळाडूंची साहेबाकडून सुटका करून आणायची. रेल्वेच्या सवलतीचे फॉर्म भरायचे. गावोगावच्या धर्मशाळांतल्या खाटा सहा फुटांच्या असतात आणि माझे खेळाडू सव्वासहा फुटांचे, तेव्हा पायांखाली लावायला बाक शोधायचे. अकरा नंबरचे बूट शिवून देणारा चांभार सांभाळून ठेवायचा. जर्सीचे नंबर चारपासून पंधरापर्यंतच असतात, एक, दोन, तीन नसतात, कारण पंच बोटांनी खुणा करतो आणि त्यात घोटाळा नको. हे दरवर्षी नव्या शिंप्याला समजावून सांगायचं. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे उंच माणसं शोधायची.

त्या कामासाठी मी लग्नं सोडत नसे. ओळख असो नसो, आमंत्रण आलं की जायचो. पण लग्नात सगळे पंगतीला बसलेले. बसलेल्या माणसाची उंची कशी कळणार? म्हणून मी मांडवाबाहेर काढून ठेवलेल्या चपला बघत फिरायचो. कळमेश्वरच्या एका लग्नात मला भल्यामोठ्या वहाणा दिसल्या. पाटाएवढ्या. मी जेवण सोडून त्यांच्याजवळ तासभर उभा राहिलो. लोक मला चप्पलचोर समजायला लागले. शेवटी त्यांचा मालक आला. नवरदेवाचा मामा, माझ्याहून दोन बोटं बुटका.

"मामा, एवढ्या मोठ्या काहून घेतल्या?" मी विचारलं.

"लहान घ्या की मोठ्या घ्या, चांभार दाम तेवढेच घेते. मंग मोठ्या काहून नाई घ्यायच्या?" असं म्हणून मामा त्या वहाणा फरफटत निघून गेले.

तेव्हापासून मी चपलांवर विश्वास ठेवणं सोडलं. आमचा गौतम सापडला तो मात्र चपलांमुळे नाही. त्याच्या पायात त्या नव्हत्याच.

हुडकेश्वरच्या बाजूला आमच्या खात्याच्या क्वार्टर्सचं बांधकाम चाललं होतं. मी कुठलंसं बिल तपासायला गेलो होतो. खाली एक माणूस दोन दोन विटा वर फेकत होता. पहिल्या मजल्याच्या परांचीवर एक काटकुळा, लांबलचक पोरगा उभा होता. तो त्या झेलायचा आणि तसाच वळून दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाकडे फेकायचा. वरच्याकडे बघायचासुद्धा नाही. वरचा माणूस कुठं सरकला ते त्याला न बघताच कळायचं. ज्यांनी कधी विटा झेलल्या नाहीत त्यांना सांगतो, वीट हातात घट्ट पकडायची नसते, पकडली की तळवा सोलून निघतो. ती येते तसा हात मागे न्यायचा आणि तिच्याच जोरात तिला पुढे धाडायचं. आमच्या खेळात पास झेलायला शिकवताना मी नेमकं हेच सांगायचो आणि माझे पदवीधर खेळाडू तीन तीन वर्षं शिकत नव्हते. मी तिथं दोन कप चहा प्यायलो. एकही वीट पडली नाही.

धर्मांतरानंतर वर्षभरात जन्मला म्हणून नाव गौतम. राहायचा बेसा गावात, वीटभट्टीच्या मागच्या वस्तीत. मी घरी गेलो तेव्हा बुद्धाच्या तसबिरीखाली त्याची आई तांदूळ निवडत बसली होती. तीही त्याच बांधकामावर घमेली वाहायची. मी तासभर बास्केटबॉल समजावून सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"बाबूजी, चेंडू खेळाले सरकार पगार देते म्हंता. पण हे किती दिवस चालन? पोट्टं बांधकाम सोडून तुमच्यासंगं आलं, अन् उद्या तुमचा खेळ सरला, तं ठेकेदार त्याले वापस घेनार नाई."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. नियम असा होता की खेळाडूला आधी एक वर्ष अस्थायी घ्यायचं. त्या वर्षात तो खात्याच्या राज्य स्पर्धेत खेळाडू म्हणून खेळला, तर कायम. नाही खेळला, तर घरी. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "माय, वर्षाच्या आत कायम करून देतो. हा माझा शब्द." कारकुनानं असा शब्द देऊ नये. पण माझ्या डोळ्यांपुढून त्या विटा हलत नव्हत्या.

गौतम संघात आला आणि संघाचा चेहरा बदलला. आमचा कॅप्टन घाटोळे, वय छत्तीस, गुडघे पन्नाशीचे, त्याला आता पळावं लागेना; तो जिथं उभा असेल तिथं चेंडू हातात येऊन पडायचा. गौतममध्ये खोट एकच, तो बास्केटच टाकायचा नाही. रिंगखाली एकटा मोकळा असला तरी कोणाला तरी पास द्यायचा.

"अरे टाक नं गा!" घाटोळे ओरडायचा.

"मी काहून टाकू? तुमी मोकये हाय नं," असं तो शांतपणे म्हणायचा. आलेली वस्तू पुढे द्यायची, आपल्याकडे ठेवायची नाही, ही सवय त्याच्या हातात इतकी मुरली होती की आम्ही शेवटी नाद सोडला. आणखी एक म्हणजे तो कोणाला धक्का लावायचा नाही. फाउल करणं त्याला बांधकामावर कोणाच्या अंगावर वीट टाकण्याएवढं वाईट वाटायचं.

त्या वर्षी स्पर्धा अमरावतीला होती आणि त्याच वर्षी मुंबईहून बदलून नवे साहेब आले. अत्यंत सरळ माणूस. सरळ माणसाची अडचण अशी की त्याच्याकडे वशिला चालत नाही आणि गप्पा चालत नाहीत, फक्त कागद चालतो. त्यांनी आयुष्यात बास्केटबॉल बघितलेला नव्हता. म्हणून मी ठरवलं की संघाच्या मंजुरीची टिप्पणी अशी लिहायची की खेळ न बघितलेल्या माणसालाही सगळं कळावं. माझ्या मसुद्याचं आमच्या कार्यालयात नाव होतं. मी मोठ्या हौसेनं सुरुवात केली: "सदर खेळ प्रत्येकी पाच खेळाडूंच्या दोन संघांमध्ये खेळला जातो." पुढे दोन पानं. शेवटी बारा खेळाडू आणि एक व्यवस्थापक यांच्या प्रवासाला मंजुरी मागितली होती.

साहेबांनी पहिलं वाक्य वाचलं आणि समासात लिहिलं: "पाचच खेळतात तर बारा कशाला? पाच खेळाडू व एक व्यवस्थापक मंजूर."

मी धावत आत गेलो. बदली खेळाडू, दमणं, लागणं, पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर जातो, सगळं सांगितलं.

साहेब म्हणाले, "गावंडे, उद्या तुम्ही आजारी पडाल म्हणून मी तुमच्या टेबलामागे सात जादा कारकून बसवून ठेवले आहेत का?"

मी कागद उचलून बाहेर आलो. सात जण कायमचे माझ्यावर नाराज झाले ते वेगळंच. त्यातला एक अजूनही मी बाजारात दिसलो की मान खाली घालून भाजी निवडायला लागतो. पण मला काळजी लागली ती गौतमची. पाच जण ज्येष्ठतेनं घ्यायचे असा खात्याचा दंडक. गौतम यादीत बारावा. आणि त्याचं वर्ष संपायला उरले होते सव्वीस दिवस. बेशाच्या त्या माउलीला मी काय तोंड दाखवणार होतो? माझ्याच एका सुबक वाक्यानं तिच्या पोराची नोकरी घालवली होती. त्या दिवशी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

घाटोळेला कळलं तेव्हा तो म्हणाला, "माया जागी त्याले ने."

"तू नसशील तर पास कोणाले देईल तो?" मी म्हटलं. "माझ्या जागी नेतो."

बोलून गेलो आणि मग माझं मलाच कळलं की हे होऊ शकतं. साहेबांनी पाच अधिक एक मंजूर केले होते. तो एक मीच असला पाहिजे असं कुठं लिहिलं होतं? आणि व्यवस्थापकानं खेळू नये असंही स्पर्धेच्या नियमांत नव्हतं. तसं लिहायची गरज कोणाला वाटणार? सगळे व्यवस्थापक माझ्यासारखेच, पोट सुटलेले. मी रजेचा अर्ज टाकला आणि माझ्या गैरहजेरीत व्यवस्थापक म्हणून गौतमचं नाव पाठवलं.

साहेबांनी विचारलं, "या मुलाला व्यवस्थापन जमेल?"

"साहेब, हातात आलेलं काही खाली पडू देत नाही," मी म्हटलं. त्यांनी सही केली.

एक गोष्ट कबूल करतो. मला व्यवस्थापकाचा कोट फार प्रिय होता. निळा, खिशावर खात्याचं चिन्ह. वर्षभर तो पेटीत असायचा आणि स्पर्धेचे चार दिवस मी तो घालून कॉलर सावरत हिंडायचो. तो गौतमला देताना मला खरंच वाईट वाटलं. बाह्या त्याच्या कोपराशी संपल्या. त्या अवतारात तो अमरावतीला सगळ्या विभागांच्या व्यवस्थापकांच्या बैठकीत जाऊन बसला. दीड तास एक शब्द बोलला नाही. शेवटी अध्यक्षांनी कोणाला काही सूचना आहे का विचारलं, तेव्हा तो उभा राहिला, वरच्या पंख्याला डोकं लागू नये म्हणून थोडा वाकला आणि म्हणाला, "पानी प्याले लय दूर जा लागते. मैदानाजवळ दोन माठ ठेवा." एकोणीस वर्षांत त्या बैठकीत झालेली ती एकमेव उपयोगी सूचना. माठ आले.

मी स्वखर्चानं गेलो आणि दोरीच्या बाहेर प्रेक्षकांत बसलो. जुने ओळखीचे भेटायचे. "गावंडेबाबू, तुम्ही इकडं?" मी म्हणायचो, "रजेवर आहे. देवीच्या दर्शनाला आलो होतो." दर्शन राहूनच गेलं, हे देवी समजून घेईल अशी आशा आहे.

पहिला सामना आम्ही सहज जिंकलो. एकाचा पाय मुरगळला म्हणून गौतम अर्ध्याहून जास्त वेळ खेळला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऊन कलल्यावर, अंतिम सामना. समोरच्या विभागाकडे बारा जणांचा ताजातवाना ताफा आणि आमच्याकडे पाच माणसं, त्यातला एक मुरगळलेला पाय बांधून, आणि एक निळा कोट. उत्तरार्धात घाटोळेचा पाचवा फाउल झाला. गौतमनं कोट काढला, घडी करून बाकावर ठेवला आणि आत गेला. मग आणखी एक जण फाउलवर बाहेर. आता चौघेच उरले. बास्केटबॉल चौघांनीही खेळता येतो, नियम तशी मुभा देतो, फक्त कोणी मुद्दाम तसं खेळत नाही. गौतमच्या हातून चेंडू असा निघत होता की समोरच्यांना मैदानात पाचवा कोण आहे ते मोजावं लागत होतं. प्रेक्षकही मोजायला लागले. माझ्या शेजारचे एक गृहस्थ दोनदा मोजून मला म्हणाले, "एक कुठंतरी लपला आहे."

शेवटचं अर्धं मिनिट. आम्ही दोन गुणांनी पुढे. त्यांचा सर्वांत जलद खेळाडू चेंडू घेऊन रिंगकडे सुटला आणि मध्ये एकटा गौतम. तो नेहमीसारखा हात वर करून सभ्यपणे उभा. वाटेतून बाजूला होणार हे मला दिसत होतं. आयुष्यभर मी खेळाडूंना फाउल करू नका म्हणून बजावत आलो. त्या क्षणी मी दोरीवरून अर्धा पलीकडे झुकून बेंबीच्या देठापासून ओरडलो, "धर त्याले! गौतम, धर गा त्याले!"

त्यानं धरलं. चक्क कवेत घेतलं. शिट्टी झाली. मिळालेल्या फ्री थ्रोंपैकी त्या खेळाडूचा एकच आत गेला आणि आम्ही एका गुणानं जिंकलो. बाकीचे एकमेकांच्या अंगावर पडले होते आणि गौतम मात्र टेबलाशी गुणलेखकाला विनवत होता, "साहेब, तेवढा माया नावावरचा फाउल खोडा नं. असं कधी करत नाई मी." गुणलेखक हसून त्याला जा म्हणाला. मग गौतम त्या खेळाडूकडे गेला आणि हात जोडून माफी मागून आला. हातात ढाल घेऊन आम्ही पॅसेंजरनं परत आलो.

खरा सामना पुढे साहेबांच्या खोलीत झाला. वर्ष संपायला आठ दिवस होते. मी गौतमला कायम करण्याचा प्रस्ताव ठेवला आणि सोबत प्रमाणपत्र जोडलं. साहेबांनी ते वाचलं. "यात लिहिलं आहे, 'व्यवस्थापक म्हणून सहभाग'. नियम म्हणतो, खेळाडू म्हणून."

मी हे बघितलंच नव्हतं. ज्या युक्तीनं मी त्याला नेलं, तीच आता आडवी आली होती.

मी दोन्ही सामन्यांच्या गुणपत्रिकांच्या प्रती घेऊन आलो. गुणपत्रिका म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याचे गुण आणि त्याचे फाउल. पंधरा नंबर गौतमचा, कारण तीच जर्सी सगळ्यात लांब होती. पहिल्या पत्रिकेत पंधरा नंबरापुढे सगळं कोरं. टेबलावर घाई असते, कोण कधी आत गेला त्याच्या खुणाही कोणी केल्या नव्हत्या.

"गुण शून्य. याने केलं काय?" साहेबांनी विचारलं.

"पास दिले, साहेब. सामना त्यानंच जिंकून दिला."

"पासांची नोंद कुठे आहे?"

"पासांची नोंद होत नाही, साहेब. तसा रकानाच नसतो."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं आणि मला ते ऐकवेना. साहेबांनी दुसरी पत्रिका ओढली. बोट ओळीवरून सरकत गेलं. गुण कोरे. मग बोट थांबलं.

"ही खूण कसली?"

"तो फाउल आहे, साहेब. म्हणजे कसूर. एकच आहे आणि त्यात त्याची चूक नाही, मी..."

"बाकावर बसलेल्याचा फाउल होतो का?"

"त्यांचा वेगळा, खाली लिहितात, साहेब. या रकान्यात फक्त आत असलेल्याचा."

पेनाचं टोपण काढून साहेबांनी समासात लिहिलं: "मैदानात कसूर केल्याचे अभिलेखावरून सिद्ध. सबब खेळला. कायम करावे." सही केली आणि कागद माझ्याकडे सारताना म्हणाले, "पुढच्या वर्षी बारा लिहा, गावंडे. आणि ते पहिलं वाक्य गाळा."

मी तडक बेशाला गेलो. त्याच्या आईला आदेश वाचून दाखवला. तिनं तो हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "काय केलं मनून कायम झाला म्हंता?" मी खरं ते सांगितलं. ती हसता हसता रडली आणि मीही तिथं बसून खुशाल रडलो. गौतम मात्र खजील होऊन कोपऱ्यात उभा. "अजून खोडता येत असन तं बघा, बाबूजी," म्हणाला. आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

काही वर्षांनी मी निवृत्त झालो. माझ्या जागी कोण, असा प्रश्न निघाला आणि उमेदवाराला व्यवस्थापनाचा अनुभव हवा असं परिपत्रक आलं. घाटोळेपासून सगळे उंच, सगळे हुशार, पण तसा कागद एकाकडेच होता: 'व्यवस्थापक म्हणून सहभाग, विजेता संघ'. ज्या प्रमाणपत्रानं त्याची नोकरी जाता जाता राहिली, त्यावर गौतम व्यवस्थापक झाला. कोट नवा शिवावा लागला.

निरोपाच्या दिवशी नारळ, शाल, भाषणं सगळं झाल्यावर तो मला संघाच्या खोलीत घेऊन गेला. त्यानं एक नवी वही केली होती. हातानं आखलेली. नंबर, नाव, आणि तिसरा रकाना: पास. "आता आपल्या संघाचे पास आपणच लिवून ठिवू, बाबूजी," तो म्हणाला. "स्पर्धावाले लिवो का नाई लिवो."

मी पहिलं पान उघडलं. खेळाडूंची नावं अजून लिहायची होती. वर एकच नाव होतं, नंबराच्या जागी रेघ ओढलेली. गावंडेबाबू. आणि त्यापुढे तिसऱ्या रकान्यात एक उभी काडी.